चिठ्ठीवरची पाहुणी

चिठ्ठी, पिवळ्या कागदावर, बाबांच्या तिरक्या अक्षरात: तुम्ही एकट्या प्रवास करत आहात. तुमचं आरक्षण नोंदवहीत सापडत नाही. तुम्ही दमला आहात, पण आवाज चढवायचा नाही. नुसतं बघत राहायचं.

*

हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या नमुना खोलीतला पलंग दिवसातून आठ-दहा वेळा घातला जातो आणि पुन्हा विसकटला जातो. त्याच्यावर आजवर कोणी झोपलेलं नाही.

*

धाकट्याला सातव्या वर्षी नॅपकिनच्या अकरा घड्या येत होत्या. बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

*

आत्याच्या पोटात काही राहत नाही, असं सगळं घर म्हणतं. एकोणीस दिवस राहिलं.

*

टेबलाच्या खुर्च्या दाराजवळून मोजायला सुरुवात करायची, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. म्हणजे सूप कोणाचं आणि मासा कोणाचा, हे विचारावं लागत नाही. विचारलं तर एक मार्क गेला.

*

दोन बॅगा. एक करडी, एक निळी.

खुर्ची तीन

आई दारातून आत आली तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी हसत पुढे झाली, तिनं सवयीनं दोन बोटांनी करडी बॅग उचलली, आणि बॅग जागची हलली नाही. मुलगी वाकलेलीच राहिली. मग तिनं दोन्ही हात लावले आणि म्हणाली, "मॅडम, आज यात काहीतरी आहे."

"आहे ना," आई म्हणाली.

तेहतीस वर्षं त्या बॅगेत जुनी वर्तमानपत्रं होती, आकार धरून राहावा म्हणून. शेवटच्या वर्षाच्या मुलांची रिसेप्शनची प्रॅक्टिकल वर्षातून दोनदा होते आणि तिला पाहुणे लागतात. पूर्वी सगळ्याच प्राध्यापकांच्या बायका यायच्या. कोणी एक वर्ष आलं, कोणी दोन, मग एकेकीचं डोकं दुखायला लागलं. आई राहिली. ती दरवेळी कॉलेजच्या फाटकापर्यंत घरातल्या बाईसारखी यायची, तिथे बाबा तिच्या हातात पिवळी चिठ्ठी द्यायचे, आणि पायऱ्या चढून ती लाकडी काउंटरपाशी पोचायची तेव्हा कुठून कुठून आलेली असायची. बॅग हरवलेली व्यापारी. ताप भरलेली शिक्षिका. खोली न आवडलेली, पण का ते सांगता न येणारी विधवा.

"प्रवास कसा झाला?" असं मुलांनी विचारायचं, हे अभ्यासक्रमात आहे. त्यावर "ठीक" म्हणायचं, हेही आहे. आई मात्र सांगायची. बोगदा लागला होता, तिथे गाडी अर्धा तास थांबली. समोरच्या बाईनं सगळ्यांना सफरचंदं वाटली. खिडकीतून बराच वेळ पाणीच दिसत होतं. परीक्षक घड्याळाकडे बघायचे. मुलं मात्र ऐकत उभी राहायची, कारण ऐकण्याला पाच मार्क होते.

खऱ्या प्रवासाचं म्हणाल तर एकच. थोरली नऊ वर्षांची होती. समुद्राकाठचं हॉटेल, तीन दिवस. मॅनेजर निघाला बाबांचा विद्यार्थी. त्यानं पाया पडायच्या आत बाबांनी विचारलं, नाश्त्याच्या टेबलांमध्ये एवढी गर्दी का होते तुमच्याकडे? आणि तीन दिवस ते त्याच्या स्वयंपाकघरात होते. समुद्रावर आई आणि दोन पोरं. त्या वेळच्या फोटोत बाबा नाहीत, आणि फोटो त्यांनी काढलेलाही नाही.

या वेळी तिनं तीन महिने आधी सांगितलं होतं. ज्या दिवशी निवृत्त व्हाल त्याच दिवशी निघायचं, कॉलेजातल्या निरोपाच्या जेवणाहून परस्पर. साडेचारची बस, मग बोट, मग डोंगरातली छोटी गाडी आणि वर ते सरोवर. अकरा दिवस. बाबा म्हणाले होते, "बघू." त्यांच्या तोंडचा बघू म्हणजे नाही, हे तिला माहीत होतं. पण दरवेळी त्या नाहीच्या मागे एक सत्र असायचं, एखादी परीक्षा, एखादी बॅच. आता मागे काहीच उरलं नव्हतं, तेव्हा नुसता बघू काय करणार, असा तिनं हिशेब केला. सकाळी ते आरशासमोर भाषण पाठ करत होते तेव्हा तिनं निळी बॅग भरली. त्यांचे चार शर्ट, स्वेटर, पायमोजे, दाढीचं सामान. दोन्ही बॅगा तिनं स्वतः गाडीत ठेवल्या.

बाबांनी त्या बघितल्या. एवढंच विचारलं, "विभागाला देणार आहेस का? बरं झालं, त्यांची एक फाटलीच आहे."

ती थट्टा समजून हसली होती.

खुर्ची चार

धाकटा ट्रॅव्हल कंपनीत आहे. आईची तिकिटं त्यानंच काढली, खिडकीच्या दोन जागा, आणि कोणाला बोलायचं नाही असं तिनं बजावल्यामुळे तो आज सकाळपासून उगाच शीळ घालत होता.

तो कॉलेजच्या या रेस्टॉरंटमध्ये अकरा वर्षांनी आला होता. टेबल तेच, दाराशेजारचं, चार नंबरचं. याच टेबलावर त्यानं परीक्षेत सूप उजवीकडून द्यायचं ते डावीकडून दिलं होतं, आणि बाबांनी पन्नासपैकी अकरा मार्क दिले होते. दुसरा कोणी असता तर अठरा दिले असते, असं खुद्द बाबाच नंतर जेवताना म्हणाले होते. पण स्वतःच्या मुलाला कसे देणार. त्यानं कॉलेज सोडलं. तेव्हापासून घरात काही झालं की तो आईच्या पक्षात असतो, आधी पक्ष आणि मग कारण.

बाबांची खुर्ची, पाच नंबरची, रिकामीच होती. ते स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापाशी हात मागे बांधून उभे होते. सत्काराचा हार गळ्यात तसाच. बाहेर येणाऱ्या प्रत्येक ट्रेकडे त्यांची नजर जात होती.

"बसा ना हो," आईनं एकदा म्हणून बघितलं.

"सूप जाऊ दे सगळीकडे," ते म्हणाले.

सूप सगळीकडे गेलं. ते बसले नाहीत.

खुर्ची एक

सूप आणि मासा यांच्या मध्ये प्राचार्यबाई उठल्या. त्या बाबांच्याच सातव्या बॅचच्या. माइक न घेता बोलल्या, तो आवाजही बाबांनीच घडवलेला. अडीच हजार विद्यार्थी, म्हणाल्या. जगातल्या कुठल्याही विमानतळावर उतरा, अर्ध्या तासात सरांचा एक विद्यार्थी भेटतो. सगळे हसले. मग पुढच्या पंधरवड्यात येणारी मान्यता समिती, नवा पर्यटन विभाग, अजून न भरलेल्या दोन जागा असं सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तेव्हा आजचा निरोप हा खरं तर निरोप नाहीच. सरांनी मुदतवाढ स्वीकारली आहे. सर अजून दोन वर्षं इथेच आहेत."

मुलांनी टेबलं वाजवली. एक नंबरच्या खुर्चीवरून थोरलीनं आईकडे पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती, सगळ्यांच्या बरोबरीनं, ताल धरून. थोरलीला पुढे कित्येक दिवस आठवत राहिल्या त्या टाळ्याच.

कारण मुदतवाढीचं थोरलीला आधीच माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी प्राचार्यबाईंनी तिच्या दातांच्या दवाखान्यात फोन केला होता. एका पेशंटची दाढ अर्धी भरून झाली होती. सरांची तब्येत दोन वर्षं झेपेल का, एवढंच त्यांना हवं होतं. झेपेल, थोरली म्हणाली होती. तिला मनापासून तसं वाटत होतं. बाबा घरी बसले तर चार दिवसांत आईच्या डब्यांवर लेबलं लावतील आणि महिन्याभरात वाळतील. आईला कोणीतरी सांगितलंच असेल, असं तिनं धरून चाललं होतं. या घरात सगळे असंच धरून चालतात.

धाकटा टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाला की हे तुला माहीत होतं. तिनं नाही म्हटलं नाही. मग तो म्हणाला, त्या दोन बॅगा कसल्या आहेत, माहीत आहे का तुला? आणि तिकिटांचं सांगितलं, बसची वेळ, जागांचे नंबरसुद्धा. थोरलीनं दाराकडे वळून पाहिलं. काउंटरशेजारी बॅगा उभ्या होत्या, निळीच्या कानाला आईनं बाबांचं नाव लिहून चिठ्ठी बांधली होती.

"मला का नाही सांगितलंस?" थोरली म्हणाली.

"तू कोणाच्या बाजूची, तेच कळत नाही म्हणून."

"मी दात काढते रे. मला बाजू नाही."

आई नॅपकिनची घडी घालत होती. "भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा," ती म्हणाली, "मुलांची आज शेवटची सर्व्हिस आहे."

खुर्ची दोन

आत्यानं मासा घेतला नाही.

एकोणीस दिवसांपूर्वी दादानं तिला जिन्यात गाठून मुदतवाढीचं सांगितलं होतं. वहिनीला मी सांगतो, असंही म्हणाला होता. पोस्टात छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पाकिटं न उघडता पुढे सरकवणारी ती; तिला हे जड जायला नको होतं. पण रोज सकाळी वहिनी तिला नकाशा दाखवायची, बोट ठेवून, इथून बोट, इथे उतरायचं, आणि आत्या चष्मा पुसत बसायची.

आता वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आरक्षण न सापडलेल्या पाहुणीसारखं.

"वन्सं, तुम्हालाही ठाऊक होतं."

आत्यानं मान हलवली. मग तिला वाटलं की काहीतरी बोलायला हवं, म्हणून ती म्हणाली की दादाचं असंच आहे पहिल्यापासून, त्याला घरात बोलायचं म्हणजे परीक्षा वाटते. वीस वर्षं या घरात राहताना तिनं प्रत्येक वादात हेच वाक्य वापरलं होतं. आज ते तिच्याच कानाला शिळं लागलं.

धाकट्यानं तोडगा काढला. तो बाबांवर चिडलेला होता, पण मधल्या वेळात एक गोष्ट घडली होती. बाबा दारापासून हलले होते, एका गोंधळलेल्या मुलाच्या हातून प्लेट घेऊन स्वतः टेबलापाशी आले होते, आणि त्यांनी धाकट्याच्या पुढ्यात मासा ठेवला होता. हात इतका हलका की काटासुद्धा वाजला नाही. वर क्षणभर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यामुळे धाकटा जे बोलला ते अगदी मऊ आवाजात बोलला. आई, असं करू, समिती येऊन जाऊ दे. मी तारीख पुढची करून देतो. पुढच्या महिन्यात हवा पण चांगली असते.

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की आत्याला तो एकदम दादासारखा दिसला. तोच चेहरा, तेच समजावणं, तोच पुढचा महिना.

थोरली म्हणाली, "तारीखबिरीख काही नको. बाबांना बोलाव इकडे."

ही थोरली, जी लहानपणापासून बाबांची. आत्याला टेबलावरची माणसं जागा न सोडता इकडची तिकडे होताना दिसत होती.

खुर्ची पाच

गोड झाल्यावर मुलांनी त्यांना धरून काउंटरकडे नेलं. सर, आज तुम्ही पाहुणे. ते हो हो म्हणत गेले आणि सरळ काउंटरच्या मागे जाऊन उभे राहिले. सगळा वर्ग हसला. दोघांनी त्यांना खांद्याला धरून पुढच्या बाजूला आणलं. त्यांना हातांचं काय करायचं ते कळेना. या बाजूनं त्यांनी काउंटर कधी बघितलं नव्हतं. कड बरीच उंच वाटली.

रिसेप्शनच्या मुलीनं आईलाही बोलावलं, तिच्याशिवाय प्रॅक्टिकल कसली. आणि एक पिवळी चिठ्ठी दोघांच्या मध्ये धरली. बाबांनी चष्मा लावला.

तुम्ही दोघं लांबून आला आहात. तुमची खोली तयार आहे.

"चूक आहे," बाबा म्हणाले. शिकवण्याचाच आवाज आला. "एका चिठ्ठीवर दोन पाहुणे नसतात."

मुलगी गोरीमोरी झाली. आईनं विचारलं, "का नसतात?"

"अगं, पद्धत आहे."

"ती कळलीय मला. तेहतीस वर्षं चिठ्ठ्या घेतल्या. व्यापारी झाले, विधवा झाले, एकदा तर तुम्ही मला परदेशी राजदूत केलंत. पण दरवेळी एकटी. नवराबायको कधीच आले नाहीत तुमच्या हॉटेलात. का?"

ते सरळ माणूस. त्यांनी खरं उत्तर दिलं. "दोन पाहुणे आले की ते एकमेकांशी बोलतात. मग मुलाकडे लक्ष राहत नाही. मार्क कशाचे द्यायचे, कळत नाही."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

बोलून झाल्यावर त्यांना आपलं वाक्य ऐकू आलं. ते आईकडे बघत राहिले. तिच्या मागे बॅगा होत्या, आणि निळीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं. ती विभागाला द्यायची नव्हती. त्यांना सगळं उशिरा, पण ओळीनं समजत गेलं: गाडीतल्या बॅगा, तीन महिन्यांपूर्वीचा बघू, सकाळी न सापडलेला दाढीचा ब्रश.

आई म्हणाली, "साडेचारला बस आहे. येताय का?"

एवढंच. आवाज चढवला नाही.

आणि त्यांना जायचं होतं. हे कोणाला कधी कळलं नाही, पण त्या सरोवराची सहल ते पंचवीस वर्षं फळ्यावर काढत होते. कुठल्या धक्क्यावरून बोट, मध्ये चाळीस मिनिटांचं थांबणं, डोंगरातल्या गाडीचे चौदा बोगदे. सहलीचं नियोजन, प्रकरण सहा. पाण्याचा रंग कसा असतो ते त्यांना मुलांनी पाठवलेल्या फोटोंवरून माहीत होतं. दरवर्षी त्या पानाशी आले की त्यांचा खडू थोडा हळू चालायचा.

समोर चाळीस मुलं उभी होती. प्राचार्यबाई फाइल छातीशी धरून होत्या.

"समिती येऊन जाऊ दे," ते म्हणाले.

आईनं मान डोलावली, जणू खोली नाही असं तिला सभ्यपणे सांगण्यात आलं होतं. मग ती धाकट्याकडे वळली.

"तारीख नको बदलूस. नाव बदल."

"कोणाचं घालू?"

थोरलीनं तोंड उघडलं, तिच्या डोळ्यांपुढून उद्याचे सहा पेशंट गेले, आणि तेवढ्यात आत्या म्हणाली, "माझं घाल."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आत्याच्या हातात पर्स होती, अंगावर जरा बरे कपडे होते आणि पायात घरातल्यापेक्षा किंचित चांगल्या चपला. आपल्याकडे साधा रुमालही जास्तीचा नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"वन्सं, अहो कपडे?"

"मिळतात तिकडे कपडे. माणसं राहतात ना तिथे?"

"ताई," बाबा म्हणाले. धाकट्या बहिणीला ते लाडानं ताई म्हणत, आणि गरज पडली की जास्तच. "तू पण?"

"दादा, मी एकोणीस दिवस तुझं झाकून ठेवलं," आत्या म्हणाली. "आता अकरा दिवस वहिनीबरोबर जाते. तरी आठ दिवस तुझेच जास्त होतात."

धाकटा फोन घेऊन खिडकीपाशी गेला. तासभर आधीपर्यंत नाव बदलता येतं. त्यानं आत्याचं नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

पायऱ्या

करडी बॅग बाबांनीच उचलली. मुलांना हात लावू दिला नाही. तीन जिने उतरताना त्यांना तिचं वजन कळत गेलं, आणि ते मधल्या वळणावर थांबले तेव्हा आईही एक पायरी वर थांबली. ते म्हणाले, खोली लिफ्टपासून लांबची मागून घे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तेहतीस वर्षं तेच मागतेय."

ते हसले. तिला त्यांचं ते हसणं आवडायचं, अजूनही आवडलं, आणि म्हणून ती भराभर खाली उतरली.

फाटकापाशी थोरलीची गाडी होती. आत्या आधीच मागे बसून काच खाली-वर करून बघत होती. बॅग ठेवून झाली. धाकट्यानं दार धरलं. थोरलीनं गाडी सुरू केली आणि आरशातून बाबांकडे बघितलं. तिला वाटलं ते आत्ता म्हणतील, थांब, निळी घेऊन येतो. तिनं क्लच दाबून धरला होता, नेहमीपेक्षा बराच वेळ.

बाबा खिडकीपाशी वाकले.

"सकाळच्या बोटीत डावीकडे बसा," ते म्हणाले. "डोंगर त्या बाजूला आहे."

"तुम्हाला काय माहीत?" आईनं विचारलं. खरंच विचारलं.

त्यांनी हात उंच केला, पाहुण्यांना निरोप देताना करतात तसा नाही, नुसताच, आणि तो वरच राहिला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच होते. वरून कोणीतरी हाक मारली, सर, फोटो राहिलाय. आलो, ते म्हणाले, आणि गेले नाहीत. धाकटा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला, आईच्या पक्षातला, पण उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं त्यांच्या गळ्यातला हार काढून आपल्या हातात घेतला.

बाबा त्या कॉलेजात पहिल्यांदा गेले होते ते फक्त चार महिन्यांसाठी, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका शिक्षिकेच्या जागी.